नुसतं बघून

राजवाड्याच्या आतल्या दाराबाहेर एक गुलाम जेवत बसला होता. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, जागा पूर्व चीनमधलं छी राज्य. गुलामाचा मालक हा तिथल्या प्रधानाच्या पदरी असलेला कारभारी. मालक दरबारात आला म्हणून त्याच्या मागोमाग गुलामही आला होता आणि मिळालेल्या वेळात चार घास खात होता.

थोड्या अंतरावर छुनयू यी नावाचा वैद्य उभा होता. त्याच्याबरोबर फिंग नावाचा राजवाड्यातला एक खोजा होता. त्याला वैद्यकाची आवड होती आणि तो छुनयू यीकडे शिकत होता. वैद्याने त्या जेवणाऱ्या माणसाकडे बोट केलं आणि आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं, की याच्या प्लीहेला इजा झाली आहे. वसंतात याचं खाणंपिणं बंद होईल आणि उन्हाळ्यात रक्तस्राव होऊन हा जाईल.

फिंगने ही गोष्ट प्रधानाच्या कानावर घातली. प्रधानाने कारभाऱ्याला बोलावून विचारलं, तुझा गुलाम आजारी आहे का? कारभारी म्हणाला, छे, त्याला काही झालेलं नाही, कुठे दुखतखुपत नाही. वसंत आला, गुलाम आजारी पडला. चौथ्या महिन्यात रक्त जाऊन मेला.

ही हकीकत सिमा छिएन या इतिहासकाराच्या 'शिजी' या ग्रंथात आहे. इसवी सनापूर्वी १००च्या आसपास लिहिलेल्या या प्रचंड इतिहासाचं १०५वं प्रकरण दोन वैद्यांबद्दल आहे, त्यातला छुनयू यी हा एक. त्याच्या २५ रुग्णांच्या नोंदी तिथे आहेत. चीनमधल्या जपून राहिलेल्या रुग्णनोंदींमध्ये या सर्वांत जुन्या मानल्या जातात. रुग्ण कोण, कुठला, काय होत होतं, वैद्याने काय ओळखलं, कशावरून ओळखलं, पुढे काय झालं, असा त्यांचा साचा आहे.

मी या नोंदी वाचल्या तेव्हा गुलामाच्या नोंदीशी येऊन अडकलो. एक म्हणजे यात वैद्याने नाडीला हातसुद्धा लावलेला नाही. त्याने फक्त बघितलं. आणि दुसरं म्हणजे, या सगळ्या गोष्टीत वैद्य बोलतो, खोजा बोलतो, प्रधान बोलतो, मालक बोलतो. ज्याचं शरीर आहे त्याला मात्र कुणीच काही विचारत नाही.

चार वाटा, आणि त्यांची उतरंड

चिनी वैद्यकात रोग ओळखण्याच्या चार वाटा सांगितल्या आहेत: बघणं, ऐकणं (यातच वास घेणं येतं), विचारणं आणि हाताने तपासणं. आपल्या आयुर्वेदातही वाग्भटाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन साधनं सांगितली आहेत, त्यामुळे ही यादी आपल्याला परकी वाटत नाही. पण चिनी परंपरेने या यादीची चक्क उतरंड लावली. 'नान-चिंग' हा हान काळातला ग्रंथ ८१ अवघड प्रश्नांची उत्तरं देतो. त्यातला ६१वा प्रश्न याबद्दलच आहे. त्यानुसार बघून ओळखणारा तो दैवी, ऐकून ओळखणारा तो ऋषितुल्य, विचारून ओळखणारा तो कसबी कारागीर आणि नाडी बघून ओळखणारा तो हुशार.

आजच्या कुठल्याही डॉक्टरला ही उतरंड उलटी वाटेल. रुग्णाला नीट विचारा, त्याची हकीकत ऐका, अर्धं निदान तिथेच होतं, असं वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात. इथे रुग्णाचं बोलणं तिसऱ्या पायरीवर आहे. सर्वोच्च वैद्य तो, ज्याला रुग्णाच्या शब्दांची गरजच पडत नाही.

बघण्यासाठी वापरलेला शब्द आहे 'वांग'. नुसतं डोळ्यांनी पाहणं एवढाच त्याचा अर्थ नाही. उंचावर उभं राहून लांबवर नजर टाकणं, वाट पाहणं, आशा धरणं, हे सगळं त्यात येतं. पौर्णिमेलाही हाच शब्द आहे. म्हणजे जे अजून इथे पोचलेलं नाही, त्याकडे बघणं. छुनयू यी गुलामाच्या चेहऱ्यात पुढचा उन्हाळा बघत होता, तो या अर्थाने.

चेहऱ्याची रया

पण नेमकं बघायचं काय? उत्तर आहे 'से'. या शब्दाचं भाषांतर सहसा 'रंग' असं होतं, पण त्यात चेहऱ्यावरचा भावही आला. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपणही म्हणतो, त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला, तोंड काळवंडलं, पांढराफटक पडला, रागाने लालबुंद झाला. मनात काय चाललंय ते आपण रंगानेच सांगतो. चिनी वैद्यांनी याच सवयीचं शास्त्र बनवलं.

'ह्वांगदी नेइचिंग' हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ. पौराणिक पीतसम्राट आणि त्याचे वैद्य यांच्या संवादांचं हे संकलन. यात पाच रंग पाच अवयवांशी आणि पाच तत्त्वांशी जोडले आहेत. निळा-हिरवा यकृताचा आणि लाकडाचा, लाल हृदयाचा आणि अग्नीचा, पिवळा प्लीहेचा आणि मातीचा, पांढरा फुप्फुसांचा आणि धातूचा, काळा मूत्रपिंडांचा आणि पाण्याचा. (निळ्या-हिरव्याला तिथे एकच शब्द आहे, 'छिंग'.)

इथपर्यंत तो परीक्षेला पाठ करायचा तक्ता वाटतो. खरी गंमत पुढे आहे. ग्रंथ सांगतो, की रंग कोणता याइतकाच तो कसा आहे हे महत्त्वाचं. पिवळा खेकड्याच्या पोटासारखा असेल तर माणूस जगेल, कच्च्या आंबट संत्र्याच्या फळासारखा असेल तर मरेल. लाल कोंबड्याच्या तुऱ्यासारखा चांगला, साकळलेल्या रक्तासारखा वाईट. काळा कावळ्याच्या पिसांसारखा चांगला, काजळीसारखा वाईट. पांढरा डुकराच्या चरबीसारखा चांगला, वाळलेल्या हाडासारखा वाईट. हिरवा खंड्याच्या पंखासारखा चांगला, मेलेल्या गवतासारखा वाईट.

या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर दिसतं, की फरक रंगाचा नाहीच. फरक तुकतुकीचा आहे. मराठीत यासाठी एक फार नेमका शब्द आहे: रया. चेहऱ्याची रया गेली, असं आपण म्हणतो तेव्हा रंग बदलल्याचं सांगत नसतो, आतून काहीतरी विझल्याचं सांगत असतो. चिनी वैद्य तेच शोधत होते. गुलामाच्या नोंदीत छुनयू यीने हेच लिहिलंय: लांबून पाहिलं तर पिवळट, निरखून पाहिलं तर मेलेल्या गवतासारखी हिरवट झाक.

शिगेहिसा कुरियामा या अभ्यासकाचं १९९९ साली आलेलं ग्रीक आणि चिनी वैद्यकाची तुलना करणारं पुस्तक यावर छान प्रकाश टाकतं. ग्रीकांनी शरीर उघडून स्नायू बघितले, कारण त्यांना हालचाल करणारी इच्छाशक्ती शोधायची होती. चिन्यांना शरीर झाडासारखं दिसत होतं. मूळ जमिनीत, दिसत नाही. पण पानाफुलांवरून मुळाची तब्येत कळते. कुंडीतल्या तुळशीची पानं मलूल झाली की आपण माती उकरायच्या आधीच ओळखतो ना, तसं.

नेइचिंगच्या दुसऱ्या भागात, 'लिंगशू'मध्ये, चेहऱ्याचा नकाशाही आहे. नाक म्हणजे राजाचा दरबारमहाल, भुवयांमधली जागा म्हणजे वेशीचे बुरूज, कपाळ म्हणजे अंगण, गाल म्हणजे कुंपण. भुवयांच्या मध्ये फुप्फुसं वाचायची, त्याखाली हृदय, त्याखाली यकृत, नाकाच्या शेंड्यावर प्लीहा. चेहरा हा राजवाडा आहे आणि आतल्या अधिकाऱ्यांची खबर तिथे कळते, अशी ही कल्पना. वैद्यकाची भाषा राज्यकारभाराच्या भाषेतून आली आहे, हे इथे उघड दिसतं.

राजा ऐकत नाही

म्हणूनच या विषयावरची सर्वांत गाजलेली गोष्ट एका राजाची आहे. ब्येन छ्वे हा दंतकथेतला महावैद्य छीच्या राजाला भेटतो आणि सांगतो, की आजार तुमच्या त्वचेत आहे, आत्ताच उपचार करा. राजा म्हणतो, मला काही झालेलं नाही. वैद्य गेल्यावर राजा दरबाऱ्यांना म्हणतो, या वैद्यांना नफ्याची हाव, निरोग्यांना बरं करून श्रेय घेतात. पाच दिवसांनी वैद्य येतो, आजार आता रक्तवाहिन्यांत आहे. राजा ऐकत नाही. पुन्हा पाच दिवस, आजार आता जठर-आतड्यांत. राजा ऐकत नाही. चौथ्या वेळी वैद्य लांबूनच राजाला बघतो आणि पाठ फिरवून निघून जातो. राजा माणूस पाठवून कारण विचारतो. वैद्याचं म्हणणं असं, की त्वचेपर्यंत लेप पोचतो, रक्तवाहिन्यांपर्यंत सुया पोचतात, आतड्यांपर्यंत औषधी मद्य पोचतं, पण अस्थिमज्जेपर्यंत काहीच पोचत नाही. राजा आजारी पडतो, वैद्य तोवर पसार झालेला असतो, राजा मरतो.

ही गोष्ट सिमा छिएनच्या आधी हान फेइ या राजनीतिज्ञाच्या ग्रंथात येते. तिथे राज्य छी नसून त्साइ आहे आणि भेटींमधलं अंतर पाच नव्हे, दहा दिवसांचं आहे. हान फेइला वैद्यक शिकवायचं नव्हतंच. संकट लहान असतानाच आवरावं आणि राजाने अप्रिय सल्ला ऐकावा, हे त्याला राजांना सांगायचं होतं. शिवाय सिमा छिएनने ब्येन छ्वेच्या नावावर घातलेले रुग्ण शतकांच्या अंतराने जगलेले आहेत. एका माणसाच्या आयुष्यात ते मावत नाहीत. ब्येन छ्वे हे बहुधा अनेक वैद्यांच्या परंपरेला चिकटलेलं नाव असावं. २०१२-१३मध्ये चंगदू शहरात लाओक्वानशान इथे हान काळातल्या थडग्यांमध्ये बांबूच्या पट्ट्यांवरचे वैद्यकीय ग्रंथ सापडले. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध याच परंपरेशी जोडतात.

सिमा छिएन या ब्येन छ्वेबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. एका गूढ म्हाताऱ्याने त्याला औषध दिलं. तीस दिवस ते घेतल्यावर त्याला भिंतीपलीकडचा माणूस दिसू लागला. मग रुग्णाच्या शरीरात कुठे गाठ आहे ते त्याला थेट दिसायचं. नाडी बघायचा तो निव्वळ नावाला! एक्स-रेच्या दोन हजार वर्षं आधी माणसाने एक्स-रेचं स्वप्न पाहिलं ते असं.

दुसरी गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. चांग चोंगचिंग या थोर वैद्याने वांग त्सान या विशीतल्या कवीला सांगितलं, की चाळिशीत तुझ्या भुवया गळतील आणि त्यानंतर सहा महिन्यांत तू मरशील. हा काढा घे, म्हणजे टळेल. कवीला राग आला. त्याने काढा घेतला, प्यायला नाही. तीन दिवसांनी वैद्याने विचारल्यावर, प्यायलो, म्हणून सांगितलं. वैद्याने चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं, की हा खोटं बोलतोय. ह्वांगफू मी या वैद्यलेखकाच्या सांगण्यानुसार वीस वर्षांनी भुवया गळल्या आणि १८७ दिवसांनी कवी गेला. वांग त्सान खरोखर २१७ साली, चाळिशीतच वारला. त्या वर्षी मोठी साथ चालू होती, हेही इतिहासात नोंदलेलं आहे.

या गोष्टी एका ओळीत लावल्या की त्यांचं वळण लक्षात येतं. रुग्ण म्हणतो, मला काही झालेलं नाही. वैद्य म्हणतो, झालंय. शेवटी मृत्यू वैद्याच्या बाजूने साक्ष देतो. या गोष्टी वैद्यांनी आणि वैद्यांच्या चाहत्यांनी लिहिल्या आहेत. चुकलेल्या भाकितांच्या गोष्टी कोण कशाला सांगत बसेल?

कोण दिसतं, कोण दिसत नाही

बघण्यासाठी समोरचा दिसावा लागतो. १११६ साली खौ त्सोंगशी या सुंग काळातल्या औषधितज्ज्ञाने एक तक्रार लिहून ठेवली आहे. श्रीमंत घरांतल्या बायका आतल्या खोलीत, पडद्याआड असतात. वर हातावरही रेशमी कापड घालतात. मग वैद्याने रंग बघायचा कसा आणि नाडी तरी धड कशी तपासायची? चारपैकी दोन वाटा बंदच, असं त्याचं म्हणणं. वैद्याने जास्त प्रश्न विचारले तर घरच्यांना वाटतं याला काही येत नाही, अशीही त्याची खंत आहे. बघून ओळखणारा तो दैवी, ही उतरंड लोकांच्या मनात एवढी मुरली होती, की विचारणं म्हणजे अडाणीपणा ठरत होता. त्याची किंमत पडद्याआडची बाई मोजत होती.

लहान मुलांचं उलट. त्यांना विचारता येत नाही, म्हणून बालरोगांना चिनी वैद्य 'मुक्यांची शाखा' म्हणत. तान्ह्या मुलाची नाडी मोठ्यांसारखी तपासता येत नाही. मग तर्जनीच्या कडेने दिसणारी बारीक शीर बघायची पद्धत रुजली. बोटाच्या तीन पेरांना तीन वेशी मानलं: वाऱ्याची, प्राणवायूची आणि जिवाची. शीर जितक्या पुढच्या वेशीपर्यंत दिसेल तितका आजार गंभीर. छिएन यी या सुंग काळातल्या बालवैद्याच्या, १११९ साली शिष्याने संकलित केलेल्या ग्रंथात मुलांचा चेहरा आणि डोळे कसे वाचावेत याची स्वतंत्र प्रकरणं आहेत. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी नीट बघणं हीच माया होती.

आणि गुलामाला तर बघायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. तो उघड्यावर जेवत होता. छुनयू यीने त्याच्या आजाराचं कारणही नोंदवलंय: पुन्हापुन्हा घाम गळेपर्यंत विस्तवाजवळ तापणं आणि मग तसंच जोराच्या वाऱ्यात जाणं. त्याच्या रोजच्या आयुष्याबद्दल आपल्याकडे उरलेली ही एवढीच माहिती. त्याला औषध दिल्याचा उल्लेख नाही. तो विद्यार्थ्याला दाखवायचा नमुना होता.

जीभ बोलू लागते

चौदाव्या शतकात बघण्याला नवी जागा सापडली. १३४१ साली दू बन याने तापांच्या निदानावर जिभेच्या चित्रांचा ग्रंथ सिद्ध केला. आओ नावाच्या कुणा वैद्याच्या १२ चित्रांत आपली २४ घालून त्याने एकूण ३६ जिभा काढल्या. पांढऱ्या थराची, पिवळ्या थराची, काळी पडलेली, भेगाळलेली. जिभांचं हे पहिलं चित्रसंग्रहात्मक पुस्तक मानलं जातं. १६६८ साली चांग दंगच्या ग्रंथात १२० जिभा झाल्या. साथीच्या तापांवर विचार करणाऱ्या पुढच्या वैद्यांनी, विशेषतः अठराव्या शतकातल्या ये थिएनशीच्या परंपरेने, ताप किती खोल गेलाय हे जिभेवरून ठरवायला सुरुवात केली.

हे ज्ञान युरोपलाही पोचलं. १६८२ साली फ्रँकफुर्टमध्ये चिनी वैद्यकावर एक लॅटिन ग्रंथ छापला गेला, त्यात जिभेच्या रंगांवरून रोग ओळखण्याचा भाग चित्रांसह आहे. तो छापणारा आंद्रेआस क्लायर हा डच कंपनीच्या बटाव्हियातला वैद्य. मजकुरामागे मिखाल बोयम या पोलिश जेझुइट धर्मगुरूचे कष्ट होते. तो १६५९ सालीच वारला होता.

मग एका चिनी वैद्याने वेगळंच बघायचं ठरवलं. १७९७ साली लुआनचौ भागात मुलांची साथ आली. गरिबांकडे शवपेटीला पैसे नव्हते, चटईत गुंडाळून मुलं उथळ खड्ड्यांत पुरली जात आणि कुत्री ती उकरत. वांग छिंगरन हा वैद्य दहा दिवस रोज सकाळी तिथे गेला आणि तीसेक मुलांच्या उघड्या शरीरांत जुन्या ग्रंथांतले अवयव शोधत राहिला. वर्णनं जुळेनात. १८३० साली त्याने ग्रंथांच्या चुका दुरुस्त करणारं पुस्तक छापलं. चेहरा वाचून आतलं ओळखण्याच्या दोन हजार वर्षांच्या परंपरेत एक माणूस म्हणाला, आत बघूया की. त्याच्याही काही चुका झाल्या, पण प्रश्न बरोबर होता.

आता कॅमेरा

१९२९ साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीपुढे यू युनश्यू या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरने पारंपरिक वैद्यक मोडीत काढायचा प्रस्ताव ठेवला. १७ मार्चला शांघायमध्ये देशभरातल्या वैद्यांनी एकत्र येऊन विरोध केला आणि तो बारगळला. १९५६ साली नव्या साम्यवादी सरकारने बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि चंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं काढली. 'वांग' आता पाठ्यपुस्तकातलं पहिलं प्रकरण झालं. आज जिभेचा फोटो काढला की शरीरप्रकृती सांगणारी अ‍ॅपं निघाली आहेत.

या सगळ्यातलं खरं किती? चेहऱ्यावरून काही आजार कळतातच. कावीळ डोळ्यांत दिसते, रक्त कमी आहे का हे डॉक्टर खालची पापणी ओढून बघतात, प्राणवायू कमी पडला की ओठ निळे पडतात. पण नाकाच्या शेंड्यावर प्लीहा वाचता येते, याला आधुनिक विज्ञानात आधार नाही. एकच जीभ वेगवेगळ्या वैद्यांना दाखवली तर त्यांचं एकमत होईलच असं नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आणि रंग बघणाऱ्या यंत्रांचंही एक दुखणं आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काळ्या कातडीच्या रुग्णांमध्ये प्राणवायूची घट जास्त वेळा चुकवतं, हे अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कुणाचा चेहरा प्रमाण धरून बघायला शिकलो, यावर काय दिसेल हे ठरतं.

छुनयू यीकडे परत यायला हवं, कारण त्याच्याबद्दलचं महत्त्वाचं सांगायचं राहिलंय. काही रुग्णांना त्याने उपचार नाकारले, त्यांच्या घरच्यांनी डूख धरला आणि त्याच्यावर खटला झाला. शरीर छिन्न करणारी शिक्षा समोर होती. त्याला पाच मुली, मुलगा नाही. धाकटी थी-यिंग बापाच्या मागोमाग राजधानीपर्यंत गेली आणि तिने सम्राट वनला अर्ज केला, की बापाच्या बदल्यात मला सरकारी गुलाम करा. सम्राट हेलावला. इसवी सनापूर्वी १६७ साली त्या शिक्षा रद्द झाल्या.

पुढे सम्राटाने त्याला त्याच्या विद्येबद्दल सविस्तर विचारलं. २५ नोंदी त्या उत्तरातूनच आपल्यापर्यंत आल्या. नोंदी का ठेवल्यास, याचं त्याचं उत्तर साधं होतं. शिक्षण पूर्ण होतंय तोच गुरू वारला. तपासून घ्यायला कुणी उरलं नाही. म्हणून कोण जगेल, कोण मरेल हे आधी लिहून ठेवायचं आणि नंतर कुठे बरोबर आलो, कुठे चुकलो ते ताडून बघायचं. तुझं निदान कधीच चुकत नाही का, असंही सम्राटाने विचारलं. आपण नेहमी आधी नाडी बघतो, मन तिच्यावर नीट लागलं नाही की अधूनमधून चुकतो, पूर्ण अचूक राहणं आपल्याला जमत नाही, असं त्याने सांगितलं.

भिंतीपलीकडचं दिसणारा ब्येन छ्वे हे सांगू शकला नसता. दंतकथेतल्या वैद्याला वही लागत नाही. मला या परंपरेतून ठेवण्यासारखी वाटते ती ही वही: आधी लिहायचं, मग ताडायचं, आणि विचारलं तर चुकतो म्हणायचं. पंचवीस नोंदींत राजे, सेनापती, अधिकारी, दासी, एक दाई, सगळे आपापल्या ओळखीने हजर आहेत. गुलामाच्या नोंदीत शिकणाऱ्या खोजाचं नाव आहे. गुलामाचं नाही. बघण्याने त्याचा मृत्यू कळला. नाव कळायला विचारावं लागलं असतं.